पोर्ट उघडलाय तरी उघडत नाही: क्लाउड सर्व्हरच्या फायरवॉलचं तेच तेच दुखणं

पहाटे सव्वासहाला फोन वाजला की आता नाव न बघताच कळतं कोणाचा आहे ते. "दादा, सर्व्हर परत बंद पडलाय." एका दूध संस्थेचं काम बघतो मी, गावागावातली संकलन केंद्रं लिटर आणि फॅट टाकतात, ते सगळं मुंबई रीजनमधल्या एका छोट्या क्लाउड सर्व्हरवर येतं, आणि संस्थेच्या ऑफिसात एक पोरगा आहे तो रोजचं बघतो. मी विचारलं, केंद्रावर एन्ट्री होतायत का? म्हणे होतायत की, पावत्या पण निघतायत, फक्त मला आत जाता येईना. अरे बाबा मग सर्व्हर बंद कुठाय, सर्व्हर चालूय, तो तुझ्यापुरता बंद आहे. काल रात्री लाईट गेलेली का रे? हो गेलेली ना, तासभर. झालं, कळलं.

हे दुखणं इतक्या वेळा आणि इतक्या रूपात बघितलंय की आता एकदाच लिहून ठेवतो. फायरवॉल म्हणजे सर्व्हरवर कोणाला येऊ द्यायचं ते ठरवणारा पहारा, आणि पोर्ट म्हणजे आत यायचा नंबर दिलेला मार्ग, २२ एसएसएचचा (लांबून मशीनमध्ये शिरून कमांड द्यायचा), ८० आणि ४४३ वेबसाइटचे. कमांड देवनागरीतच लिहिल्यात, फोनवर सांगतो तशाच, कारण समोरचा ऐकून टाइप करतो आणि त्याला ते बरं पडतं.

आधी एरर नीट वाचा, रूलला हात लावू नका

सगळ्यात आधी मोडायची सवय ही, की चालत नाही म्हटलं की लगेच क्लाउडचं कन्सोल, म्हणजे सेटिंगचं पान, उघडायचं आणि फायरवॉलमध्ये नवीन रूल टाकायचा. तो नाही चालला की अजून एक. मग वैतागून सोर्समध्ये (कुठून येणाऱ्याला सोडायचं त्या रकान्यात) ०.०.०.०/० टाकायचं, म्हणजे या रे या सगळे. मग चाललं की "नंतर बंद करू", आणि ते नंतर काय येत नाही. याच्यात दोन गोष्टी होतात, एक तर दार खरंच उघडं राहतं, आणि दुसरं म्हणजे मूळ कारण काय होतं ते कधीच कळत नाही, म्हणून पुढच्या महिन्यात तेच.

त्यापेक्षा स्क्रीनवर काय आलंय ते वाचा, अर्धं उत्तर तिथंच असतं.

"कनेक्शन टाइम्ड आउट" असेल, म्हणजे एंटर मारल्यावर कर्सर मिनिट-दोन मिनिटं नुसता लुकलुकत बसला आणि मग हा मेसेज आला, तर तुमचं पॅकेट, म्हणजे पाठवलेला डेटाचा तुकडा, वाटेत कोणीतरी गिळलंय. हो पण नाही, नाही पण नाही, उत्तरच नाही. क्लाउडची बाहेरची फायरवॉल अशीच वागते, सिक्युरिटी ग्रुपमध्ये (एडब्ल्यूएस, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडमध्ये, तिला हे नाव आहे) रूल नसेल तर ती नकार पण कळवत नाही, गप्प बसते. किंवा मग तुम्ही चुकीच्याच आयपीला हाका मारताय, हे पण होतं बरं का, एडब्ल्यूएसवर इलॅस्टिक आयपी, म्हणजे न बदलणारा पत्ता, घेतलेला नसेल तर मशीन स्टॉप करून परत स्टार्ट केलं की पब्लिक आयपी बदलतो, नुसतं रीबूट केलं तर बदलत नाही. मी एकदा पाऊण तास रूल तपासत बसलोय आणि आयपी जुनाच होता.

"कनेक्शन रिफ्यूज्ड" असेल आणि ते झटक्यात आलं, तर पॅकेट मशीनपर्यंत पोचलं आणि मशीननं तोंडावर नाही म्हटलं. म्हणजे बाहेरची फायरवॉल ठीक आहे, तिला हात लावायचा नाही! त्या पोर्टवर कोणी ऐकतच नाहीये, नाहीतर ऐकतंय पण फक्त स्वतःशीच. मशीनवर "सुडो एसएस डॅश टीएलएनपी" मारा आणि पोर्टच्या आधी काय लिहिलंय बघा. १२७.०.०.१:३००० दिसलं तर तो प्रोग्रॅम फक्त मशीनच्या आतल्यांशी बोलतो, बाहेर कितीही पोर्ट उघडा, तो उठून येणार नाही. ०.०.०.०:३००० हवं, किंवा खरं तर पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर लावून ते १२७ वालंच राहू द्यावं, तेच चांगलं.

"नो रूट टू होस्ट" हा सगळ्यात फसवा. वाचून वाटतं की नेटवर्कच तुटलंय, राऊटिंग टेबल बिघडलंय, आणि माणूस व्हीपीसीच्या, म्हणजे क्लाउडमधल्या आपल्या नेटवर्कच्या, सेटिंगात शिरतो तो संध्याकाळपर्यंत बाहेर येत नाही. क्लाउडवर हा बऱ्याचदा मशीनच्या आतल्या आयपीटेबल्स या लिनक्सच्या फायरवॉलच्या एका रिजेक्ट रूलमुळे येतो. त्याचं खाली सविस्तर लिहितो.

आणि "परमिशन डिनाइड, पब्लिक की" आलं तर फायरवॉलचा विषयच संपला. तुम्ही दारापर्यंत पोचलात, किल्ली चुकलीय. तरी लोक फायरवॉल बंद करून बघतात, काय सांगायचं.

याच्यावरही समाधान नाही झालं तर एकच खात्रीची परीक्षा आहे. ब्राउझरमधल्या कन्सोलमधून (क्लाउडवाल्याच्या पानावर थेट मशीनची स्क्रीन उघडते तिथून) मशीनमध्ये शिरा आणि "सुडो टीसीपीडम्प डॅश एनआय एनी पोर्ट २२" लावून ठेवा, मग घरून कनेक्ट करून बघा. टीसीपीडम्प येणारं पॅकेट आतल्या फायरवॉलच्या आधीच पकडतो, म्हणजे आयपीटेबल्स ते नंतर टाकून देणार असली तरी इथं ते दिसतं. ओळ उमटली तर बाहेरची बाजू साफ, चूक आत. एकही ओळ नाही आली तर पॅकेट मशीनपर्यंत आलेलंच नाही, आतल्या फायरवॉलशी खेळण्यात अर्थ नाही. ही एक मिनिटाची गोष्ट केली तर पुढचे दोन तास वाचतात. फक्त त्या ब्राउझर कन्सोलला बऱ्याच ठिकाणी पासवर्ड लागतो आणि क्लाउडच्या उबुंटू इमेजमध्ये युजरला पासवर्ड नसतोच, तेव्हा आज सगळं चालू असतानाच एखाद्या युजरला पासवर्ड लावून ठेवा, एसएसएचमध्ये पासवर्ड लॉगिन बंद असलं तरी कन्सोलला तो चालतो. अडकल्यावर हे सुचून उपयोग नाही.

एका सर्व्हरला किती दारं

सोसायटीचं गेट, मग बिल्डिंगचं दार, मग आपल्या घराची कडी, एवढं डोक्यात ठेवलं तरी पुरतं. एडब्ल्यूएसमध्ये गेट म्हणजे सबनेटची (नेटवर्कच्या एका भागाची) नेटवर्क एसीएल, बिल्डिंगचं दार म्हणजे सिक्युरिटी ग्रुप, कडी म्हणजे उबुंटूमधली यूएफडब्ल्यू (आयपीटेबल्स वापरणं सोपं करणारी) किंवा नुसती आयपीटेबल्स. तिन्हीकडे हो पाहिजे. एकाने नाही म्हटलं की संपलं.

सिक्युरिटी ग्रुपचा वॉचमन लक्षात ठेवणारा आहे, आत आलेल्याला परत जाताना विचारत नाही. नेटवर्क एसीएलचा वॉचमन विसराळू, येताना पण विचारणार आणि जाताना पण विचारणार. म्हणून कोणी हौसेने कस्टम एसीएल बनवली, इनबाउंडमध्ये ४४३ उघडला आणि आउटबाउंडमध्ये पण फक्त ४४३ उघडला, तर साइट चालणार नाही, कारण उत्तर जातं ते समोरच्याच्या तात्पुरत्या पोर्टवर, १०२४ ते ६५५३५ मधल्या कुठल्या तरी. तो पट्टा आउटबाउंडला उघडा पाहिजे. माझं मत विचाराल तर छोट्या कामाला डीफॉल्ट एसीएल आहे तशी राहू द्या, ती सगळं सोडते, आणि सगळी शिस्त सिक्युरिटी ग्रुपमध्ये पाळा.

दुसऱ्या क्लाउडवाल्यांचं थोडक्यात. अझ्युअरला एनएसजी (तिथली बाहेरची फायरवॉल) सबनेटवर पण लागते आणि मशीनच्या नेटवर्क कार्डवर पण, दोन्हीकडे परवानगी पाहिजे, आणि नंबर जितका लहान तितका रूल आधी, तुमचे रूल १०० ते ४०९६ मध्ये आणि सगळ्यात शेवटी ६५५००चा सगळं नाकारणारा बसलेलाच असतो. गुगल क्लाउडमध्ये रूल बरोबर असतो पण तो टॅगवर (मशीनला चिकटवायच्या नावाच्या चिठ्ठीवर) लावलेला असतो आणि मशीनला टॅगच नसतो, हे मी चार वेळा तरी बघितलंय. डिजिटलओशन आणि हेट्झनरला उलटं, तिथं क्लाउड फायरवॉल आपण स्वतः बनवून मशीनला जोडली नाही तर बाहेरचं दार सताड उघडं, जे काय अडवायचं ते आतूनच अडवावं लागतं.

आणि सोर्स पोर्टचा घोळ! अझ्युअर आणि ऑरॅकलच्या फॉर्ममध्ये सोर्स पोर्ट आणि डेस्टिनेशन पोर्ट असे दोन रकाने आहेत. ८० उघडायचाय म्हणून लोक दोन्हीकडे ८० टाकतात. येणाऱ्याच्या बाजूचा पोर्ट कुठलाही असू शकतो, तिथं ८० टाकलं म्हणजे ज्याचा ब्राउझर ८० वरून निघेल त्यालाच आत घ्या असं झालं, आणि तसा कोणाचाच निघत नाही. सोर्स पोर्ट मोकळा किंवा चांदणी, डेस्टिनेशन पोर्ट ८०. रूल डोळ्यासमोर असतो, पोर्ट बरोबर दिसतो, आणि तरी चालत नाही, त्यामुळे हा सापडायला फार वेळ लागतो.

लाईट गेली की आयपी गेला

आता त्या पहाटेच्या फोनकडे येतो. संस्थेच्या ऑफिसात लोकल ब्रॉडबँड आहे, राऊटर बंद होऊन चालू झाला की नवीन पब्लिक आयपी. सिक्युरिटी ग्रुपमध्ये पोर्ट २२ ला कालचा आयपी लिहिलेला, /३२ लावून, म्हणजे बरोबर एकच पत्ता. आज पत्ता बदलला, टाइम्ड आउट. पोरगा मग कन्सोल उघडणार, "माय आयपी" निवडणार, सेव्ह करणार, चाललं. जुना रूल कोणी काढायचा? कोणी नाही.

मी एकदा ती यादी उघडून बघितली. पोर्ट २२ ला एकोणीस ओळी. वर्णनाच्या रकान्यात काय, तर "ऑफिस", "ऑफिस नवीन", "ऑफिस नवीन २", "घर", "टेम्प", "टेम्प दिवाळी", आणि चारपाच कोरे. यातला एक सोडला तर बाकी अठरा पत्ते आता दुसऱ्याच कुणाकुणाकडे असणार, आणि त्या अनोळखी अठरा घरांना आमच्या २२ नंबरवर टकटक करायची मुभा आहे. किल्ली नाही त्यांच्याकडे ठीक आहे, पण मग हा रूल कशासाठी होता? शिवाय एडब्ल्यूएसमध्ये एका ग्रुपला डीफॉल्ट मर्यादा ६० इनबाउंड रूलची, अजून काही पावसाळे गेले असते तर ती पण भरली असती.

बरं, आयपी बरोबर टाकला तरी तो तुमचाच असेल असं नाही. बऱ्याच ठिकाणी, मोबाइल नेटवर बहुतेक सगळीकडेच, एका पब्लिक आयपीमागे शेकडो गिऱ्हाईकं बसवलेली असतात, सीजीनॅट म्हणतात त्याला. राऊटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ मधला दिसला तर समजा तुम्ही सीजीनॅटमागे आहात, ती रेंज २०१२ मध्ये याच कामासाठी वेगळी काढली. अशा जागी तुमचा बाहेरचा आयपी राऊटर न हलवता पण बदलू शकतो, आणि तो रूलमध्ये टाकला की सगळ्या शेजाऱ्यांना पण परवानगी.

त्यातच आयपीव्ही६, म्हणजे पत्त्यांची नवी पद्धत. हॉटस्पॉटवरून "माझा आयपी काय" बघितला तर कोलन कोलनवाला लांबलचक पत्ता दिसतो, तो रूलमध्ये टाकतात, आणि सर्व्हरला आयपीव्ही६ दिलेलाच नसतो, मग तो रूल कशाला लागू होणार. किंवा याच्या उलट, डोमेनला आयपीव्ही६चा रेकॉर्ड आहे, मशीनला पत्ता आहे, पण सिक्युरिटी ग्रुपमध्ये ४४३ फक्त ०.०.०.०/० ला उघडा, ::/० ला नाही. हे दोन वेगळे रूल आहेत, एकाने दुसरं उघडत नाही. याचं लक्षण विचित्र असतं, साइट बंद नसते, ब्राउझर थोडा थांबून आयपीव्ही४ने जातो म्हणून "कधीकधी हळू उघडते" अशी तक्रार येते, आणि एसएसएच तर आधी आयपीव्ही६चा टाइमआउट होईपर्यंत ताटकळतो. केंद्रावरचा एक जण म्हणायचा की वायफायवर भारी चालतं आणि मोबाइलवर अडकत अडकत, मी दोन आठवडे रेंजला दोष देत होतो.

मग कायमचा उपाय काय केला? पोर्ट २२ बाहेरून बंदच करून टाकला. सर्व्हरवर वायरगार्ड (व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटमधून जाणारं आपलं खाजगी टनेल) बसवला, त्याचा एकच यूडीपी पोर्ट ५१८२० सगळ्यांना उघडा ठेवला, आणि एसएसएच फक्त त्या टनेलमधून. उघडा पोर्ट म्हणून घाबरायचं कारण नाही, ज्याच्याकडे ओळखीची किल्ली नाही त्याला वायरगार्ड उत्तरच देत नाही, पोर्ट स्कॅन करणाऱ्याला तिथं कोणी आहे हेच कळत नाही. ऑफिसचा आयपी दिवसातून दहा वेळा बदलू दे, फरक पडत नाही. स्वतः बसवायचा कंटाळा असेल तर टेलस्केल ही तयार सेवा आहे, त्याला इनबाउंड पोर्ट पण उघडावा लागत नाही. एडब्ल्यूएसचा सेशन मॅनेजर पण चालतो, त्यात मशीनच बाहेर ४४३ वरून जोडणी करतं. गुगल क्लाउडवर आयएपी ही तशीच सोय आहे, तिथं पोर्ट २२ फक्त ३५.२३५.२४०.०/२० या रेंजला उघडायचा, तुमच्या घरचा आयपी कुठला याच्याशी देणंघेणं नाही. यातलं कुठलंही एक करा. पण "माय आयपी" हा तात्पुरता तोडगा आहे, तो रोजचा करू नका.

ऑरॅकलचं फुकट मशीन आणि आतला रिजेक्ट

फुकट मिळतं म्हणून खूप जण, विशेषतः कॉलेजची पोरं, प्रोजेक्ट तिथं टाकतात आणि सगळ्यांना एकच अडचण येते. सिक्युरिटी लिस्टमध्ये ८० उघडला, रूल दिसतोय, एनजिनएक्स चालूय, मशीनमध्येच कर्ल (पान मागवायची कमांड) मारला तर पान येतंय, बाहेरून नाही. आणि एरर काय, नो रूट टू होस्ट.

कारण ऑरॅकलच्या उबुंटू इमेजमध्ये आयपीटेबल्सचे रूल आधीच भरून येतात. २२ ला परवानगी आणि शेवटी एक रिजेक्ट, की बाकी सगळ्यांना नाही. लोक यूएफडब्ल्यू स्टेटस बघतात, ते इनॅक्टिव्ह सांगतं, म्हणून आत फायरवॉलच नाही असं धरतात. यूएफडब्ल्यू झोपलेली आहे, आयपीटेबल्स जागी आहे.

"सुडो आयपीटेबल्स डॅश एल इनपुट डॅश एन डॅश डॅश लाइन नंबर्स" मारा. नंबरसकट यादी येईल, त्यात रिजेक्ट ऑल असं लिहिलेली ओळ शोधा, समजा ती ५ नंबरला आहे. आता इथं लोक डॅश कॅपिटल ए वापरून ८० चा रूल टाकतात, तो जाऊन बसतो सहाव्या नंबरला, रिजेक्टच्या खाली. यादी वरून खाली वाचली जाते, पाचव्यालाच हाकललं तर सहावा बघणार कोण? डॅश कॅपिटल आय लावून ५ नंबर द्या, म्हणजे तुमचा रूल पाचवा होतो आणि रिजेक्ट सहाव्यावर सरकतो. पान उघडलं का? उघडलं. आता आनंदात लॅपटॉप बंद करू नका, कारण हे फक्त मेमरीत आहे, रीबूट झालं की गेलं. "सुडो नेटफिल्टर-पर्सिस्टंट सेव्ह" मारल्याशिवाय काम पूर्ण नाही. "मागच्या महिन्यात चालत होतं, काल अपडेट करून रीस्टार्ट केलं आणि बंद" या तक्रारीच्या मागे बहुतेक हेच.

आणि कटकट नको म्हणून तिथं यूएफडब्ल्यू चालू करू नका. त्या मशीनची बूट डिस्क नेटवर्कवरून, आयस्कझीने जोडलेली असते, आधीच्या रूलमध्ये तिची वाट सांभाळलेली असते, ती मोडली तर मशीन रीबूटनंतर उठतच नाही. ऑरॅकलने स्वतःच कागदपत्रांत हा इशारा दिलेला आहे.

यूएफडब्ल्यू नाही म्हणते, डॉकर हो म्हणतो

हे सगळ्यात धोक्याचं, कारण यात काही बंद पडत नाही, सगळं मस्त चालतं. यूएफडब्ल्यू डीफॉल्टला येणारं सगळं नाकारते, तुम्ही २२, ८०, ४४३ एवढेच सोडलेत, स्टेटस बघितलं, छान. मग डॉकर (प्रोग्रॅम कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यांत चालवायचं साधन), त्याच्या कंपोजच्या फाइलमध्ये पोर्ट्सखाली ५४३२:५४३२ लिहून पोस्टग्रेस डेटाबेस चालू केला. बाहेरून ५४३२ ला कनेक्ट करून बघा. होतं! डेटाबेस रस्त्यावर.

डॉकर पोर्ट पब्लिश करताना आयपीटेबल्समध्ये स्वतःचे रूल घालतो, पॅकेटचा पत्ता सुरुवातीलाच बदलून ते कंटेनरकडे वळवतो, म्हणजे ते इनपुट साखळीत जातच नाही, फॉरवर्डमधून जातं. यूएफडब्ल्यूचे तुम्ही टाकलेले रूल इनपुटला. पाहुणा पुढच्या दाराने आलाच नाही, गच्चीवरून आला.

उपाय साधा आहे, त्या ओळीत पुढे पत्ता लिहा, १२७.०.०.१:५४३२:५४३२. मग तो पोर्ट फक्त मशीनच्या आत उघडतो. किंवा त्याच कंपोजमधल्या दुसऱ्या कंटेनरलाच डेटाबेस हवा असेल तर पोर्ट्सची ओळच काढून टाका, त्यांना एकमेकांशी बोलायला ती लागत नाही. बाहेर उघडायचाच असेल आणि काही ठरावीक लोकांनाच द्यायचा असेल तर डॉकर-युजर नावाची साखळी आहे, रूल तिथं लिहायचे. आणि मशीन एडब्ल्यूएससारख्या ठिकाणी असेल तर बाहेरचा सिक्युरिटी ग्रुप तुम्हाला वाचवतो, तो डॉकरला माहीत पण नाही, म्हणून मी दोन्ही थर ठेवा म्हणतो. २०१७च्या जानेवारीत पासवर्ड नसलेले हजारो मॉन्गोडीबी डेटाबेस पुसून खंडणीच्या चिठ्ठ्या ठेवल्या होत्या, ते सगळे असेच इंटरनेटवर उघडे बसलेले होते.

दर तीन महिन्यांनी येणारा पाहुणा

याचं बोलून टाकतो पटकन. कोणीतरी सुरक्षा म्हणून पोर्ट ८० बंद करतं, ४४३ आहे की, ८० कशाला. साइट चालते. साइट सुरक्षित असल्याचं लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं, सर्टबॉट हा प्रोग्रॅम ३० दिवस उरले की नवीन आणायला जातो, आणि एचटीटीपी पद्धतीने पडताळणी असेल तर ती पोर्ट ८० वरच होते. महिनाभर तो रोज प्रयत्न करून रोज हरतो, लॉगमध्ये लिहितो, लॉग कोण वाचतंय. मग एका सकाळी सगळ्या केंद्रांवर लाल पान. आधी मुदत संपत आल्याचा ईमेल तरी यायचा, २०२५च्या जूनपासून लेट्स एन्क्रिप्टने ते ईमेल पण बंद केलेत. त्यांच्या आयपीपुरता ८० उघडू म्हणाल तर ते आयपी ते जाहीर करत नाहीत. तेव्हा ८० सगळ्यांना उघडा ठेवा आणि तिथून ४४३ ला रीडायरेक्ट करा, नाहीतर डीएनएसची पडताळणी लावा. "सुडो सर्टबॉट रिन्यू डॅश डॅश ड्राय डॅश रन" हे फायरवॉलला हात लावल्यावर दर वेळी मारायचं.

स्वतःलाच बाहेर कोंडून घेऊ नये म्हणून

यूएफडब्ल्यू इनेबल करताना ती विचारते की चालू असलेलं एसएसएच तुटू शकतं, पुढे जाऊ का, आणि आपण सवयीने वाय दाबतो. त्याआधी "यूएफडब्ल्यू अलाऊ ओपनएसएसएच" मारलंय का बघा. एसएसएच दुसऱ्या पोर्टवर असेल तर हा पण पुरत नाही, तो २२ च उघडतो, तुमचा पोर्ट वेगळा लिहावा लागतो.

मी रूल बदलण्याआधी बॅकग्राउंडला एक टायमर लावतो, "सुडो एसएच डॅश सी" आणि अवतरणात "स्लीप ३००, सेमीकोलन, यूएफडब्ल्यू डिसेबल", पुढे नोहप आणि शेवटी अँपरसँड. अडकलो तर पाच मिनिटांनी फायरवॉल आपोआप पडते. नाही अडकलो तर तो प्रोसेस मारून टाकायचा, हे विसरू नका, मी विसरलोय, आणि फायरवॉल पाच मिनिटांनी शांतपणे बंद झाली ते मला चार दिवसांनी कळलं.

आणि तपासणी नेहमी नवीन खिडकीतून. चालू असलेलं सेशन चालतंय म्हणजे रूल बरोबर आहे असं नाही, आधीपासून जोडलेल्या कनेक्शनला यूएफडब्ल्यू सोडून देते, सिक्युरिटी ग्रुप पण बऱ्याचदा लगेच तोडत नाही. जुनी खिडकी उघडी ठेवा, दुसरी उघडून आत जाऊन बघा, ती गेली तरच पहिली बंद करा.

एक राहिलंच, फेल२बॅन. टनेल बसवल्यावर महिनाभर फोन नव्हता, मग एक दिवस परत, दादा बंद. एरर विचारली तर या वेळी रिफ्यूज्ड, झटक्यात. वेबसाइट चालू. मी म्हटलं एसएसएच डेमन (मशीनवर मागे चालणारा एसएसएचचा प्रोग्रॅम) पडला असेल, कन्सोलमधून बघितलं तर तो ठणठणीत. आणि दहा मिनिटांत आपोआप सुरू झालं. पाचेक मिनिटांत परत बंद. मग डोक्यात आलं, फेल२बॅनचा डीफॉल्ट बॅन दहा मिनिटांचा, दहा मिनिटांत पाच चुकीचे प्रयत्न झाले की त्या आयपीला रिजेक्ट, आणि तो रिजेक्ट आपल्याला रिफ्यूज्ड म्हणूनच दिसतो. म्हणजे वर मी जे सांगितलं की रिफ्यूज्ड असेल तर पोर्टवर कोणी ऐकत नाही, त्याला हा एक अपवाद. "सुडो फेल२बॅन-क्लायंट स्टेटस एसएसएचडी" मारलं तर यादीत टनेलमधला ऑफिसचाच पत्ता.

ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरवर अकाउंटचं सॉफ्टवेअर आहे, ते एसएफटीपीने, म्हणजे एसएसएचवरूनच फाइल पाठवायच्या पद्धतीने, बॅकअप टाकतं, त्याला किल्ली वापरता येत नाही म्हणून त्या एका युजरला पासवर्ड चालू ठेवलेला. तो पासवर्ड मी आदल्या आठवड्यात बदलला, सांगायचा राहिला, आणि ते बिचारं दर मिनिटाला जुना पासवर्ड घेऊन दार वाजवत होतं. ऑफिसचा राऊटरच टनेलचं टोक असल्यामुळे सगळ्यांचा पत्ता एकच, म्हणून त्याच्याबरोबर पोरगा पण बाहेर. तिथं नवीन पासवर्ड टाकला, फेल२बॅनच्या जेल फाइलमध्ये इग्नोरआयपीला (कोणाला अडवायचं नाही तिथं) टनेलची रेंज लिहिली, आणि पोराला सांगितलं की यातला चुकलेला मी होतो. तो म्हणाला, तरी पण दादा, सर्व्हर बंदच होता ना.